फेब्रुवारीत भांडायचं नाही

लग्न झालं त्या वर्षीच ठरलं होतं,
कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं, तरी ठरलं होतं:
फेब्रुवारीत भांडायचं नाही.
मार्चच्या सात तारखेला माझी मुदत संपायची
आणि अर्जावर दोन सह्या लागायच्या.
एक माझी.
एक, ज्याच्यामुळे मी इथं, त्याची.

एसपी ऑफिसात कागदांवर दाबायला
एक मोडकं कुलूप ठेवलेलं असे.
नाव? जशोदा.
साहेब लिहीत, यशोदा.
मग लग्नपत्रिका बघत. तिथं रिया,
आमच्यात सासरी नाव बदलतात.
जन्मगाव? पनो आकिल.
हे कसं लिहायचं, ते म्हणत,
आणि मी टेबलावर बोटानं लिहून दाखवी
उजवीकडून,
मग जीभ चावून डावीकडून.

शेवटी तो प्रश्न. नांदते ना?
पहिल्या वर्षी शब्द माहीत नव्हता.
नवऱ्यानं मान हलवली, मीही हलवली.
घरी येऊन सुपडाबाईंना विचारलं, नांदणं म्हणजे काय हो?
त्या कळण्याचं पीठ चाळत होत्या.
म्हणाल्या, राहणं.
चाळणी थांबवून म्हणाल्या,
कुणी ठेवलं तर.

आमच्या सिंधीतसुद्धा 'आहे' म्हणजे आहेच.
वाघ्याला बांगड्या मोजल्या, लोणच्याची बरणी हुंगली,
हा एक शब्द कुणी उघडून बघितला नाही.
सुपडाबाई मात्र 'शे' म्हणतात.
माझ्या जामीन राहिल्या तेव्हा साहेबांसमोर म्हणाल्या,
तू ते आठलीच शे व माय.
साहेबांनी ते कागदावर घेतलं नाही.

कागदावर होतं, जळगाव शहर. तेवढंच.
नणंदेचा साखरपुडा भुसावळला, पंचवीस किलोमीटर.
अर्ज केला, कारण लिहिलं, परतीची तारीख लिहिली.
परवानगी आली तेव्हा
नणंदेला पाचवा महिना लागला होता.

साध्या कपड्यातला एक पोलीस वर्षातून एकदा येई,
पाणी पिई, बोलता बोलता
बेसिनवरचे ब्रश बघे.
दोन.
एका वर्षी तिसरा दिसला, बोटाएवढा, हत्तीचं चित्र असलेला.
तो म्हणाला, अभिनंदन, आणि लिहून घेतलं.

एकदाच, पाचव्या वर्षी, जानेवारी संपता संपता
नवरा म्हणाला, नाही करत सही, जा.
मग रात्रभर दुकानाच्या पावत्या लावत बसला.
सकाळी माझ्याआधी उठून चहा केला.
साखर विसरला.
मी प्यायले.

नवव्या वर्षी शपथ झाली, प्रमाणपत्र मिळालं.
त्यानं ते लॅमिनेट करून आणलं, कोपरे गोल कापून,
आणि फुले मार्केटमध्ये दुकानादुकानात पेढे वाटले.
तीन आठवड्यांनी
आम्ही फ्रीजच्या दारावरून भांडलो.
दार नीट लागत नाही, यावरून सुरू झालं
आणि त्या बिनसाखरेच्या चहापर्यंत गेलं.
नऊ फेब्रुवाऱ्या मी एका दमात बोलले.
शेजारच्या टीव्हीचा आवाज कमी झाला.
तारीख कितवी होती? फेब्रुवारीचीच.

चप्पल घातली. चोपड्याची एसटी लागली होती.
कुठं? कंडक्टर म्हणाला.
तापीच्या पुलावर.
पुलावर स्टॉप नाही ताई, विदगावचं देतो.

नऊ वर्षं जळगावात राहून तापी बघितली नव्हती.
सिंधूपेक्षा अरुंद आहे.
हे मी सुपडाबाईंना सांगणार नाही.
पाण्यात म्हशी होत्या, पुलावरून केळीचा ट्रॅक्टर गेला,
कठडा थरथरला आणि माझे हातही,
राग अजून उतरला नव्हता.

फोन वाजला.
कुठं आहेस?
नऊ वर्षांत हे त्याला कधी विचारावं लागलं नव्हतं,
मी कुठं आहे ते तीन प्रतींत लिहिलेलं असे.

येते, असं म्हटलं नाही लगेच.
आहे, म्हटलं.